युद्धकाळात राष्ट्राध्यक्ष आणि वार्ताहर यांचे भांडण हवेच

२७ एप्रिल १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात वृत्तपत्र मालकांच्या मेळाव्यापुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी बोलायला उभे राहिले, तेव्हा क्यूबातली 'बे ऑफ पिग्ज'ची मोहीम फसून जेमतेम आठवडा झाला होता. सीआयएने शिकवून तयार केलेले सुमारे चौदाशे क्यूबन निर्वासित कॅस्ट्रोची राजवट उलथवायला किनाऱ्यावर उतरले. शंभराहून अधिक मारले गेले आणि बाराशेच्या आसपास पकडले गेले. या पार्श्वभूमीवर केनेडींनी संपादक-मालकांना सांगितले, की प्रत्येक बातमीपाशी तुम्ही 'ही बातमी आहे का?' असे विचारता, आता त्याच्या जोडीला 'हे राष्ट्राच्या सुरक्षेच्या हिताचे आहे का?' हाही प्रश्न विचारा.

ऐकायला हे अगदी रास्त वाटते. पण त्याच्या तीनच आठवडे आधी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने नेमका हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. टॅड शुल्ट्स या त्यांच्या बातमीदाराने फ्लोरिडात चाललेल्या तयारीचा सगळा माग काढला होता. ७ एप्रिलला बातमी छापताना संपादकांनी तिच्यातला सीआयएचा उल्लेख काढला, हल्ला तोंडावर आल्याचा भाग गाळला आणि पहिल्या पानावर मोठ्या मथळ्याखाली जाणारा मजकूर एका स्तंभात बसवला. राष्ट्रहित सांभाळायचे म्हणून हे झाले. पुढे केनेडींनीच 'टाइम्स'चे संपादक टर्नर कॅटलेज यांच्यापाशी कबूल केले, की तुम्ही त्या मोहिमेबद्दल आणखी छापले असते तर एका प्रचंड चुकीतून आम्हाला वाचवले असते.

चारचौघांत एक आणि खासगीत त्याच्या अगदी उलट, अशी एकाच माणसाची ही दोन विधाने. त्यांपैकी दुसरेच खरे होते असे मला वाटते आणि त्याच्या बाजूने इथे मांडणी करायची आहे. युद्धकाळात राष्ट्राध्यक्ष वार्ताहरांवर चिडले, त्यांना देशद्रोही म्हणाले, की आपल्याला वाटते लोकशाही आजारी पडली. आजार असतोच, पण ते भांडण त्याचे कारण नसते. अमेरिकेच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात माणसे सर्वांत जास्त मेली ती वृत्तपत्रे आणि व्हाइट हाउस एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदत असताना घेतलेल्या निर्णयांमुळे.

व्हिएतनाममध्ये अमेरिकी सल्लागारांची संख्या वाढत होती, तेव्हा दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावमध्ये तरुण बातमीदारांची एक छोटी फळी होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे डेव्हिड हॅलबरस्टॅम, यूपीआय या वृत्तसंस्थेचे नील शीहन, एपी या वृत्तसंस्थेचे माल्कम ब्राउन. २ जानेवारी १९६३ रोजी आप बाक या खेड्यापाशी संख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या दक्षिण व्हिएतनामी फौजेचा मूठभर कम्युनिस्ट गनिमांनी धुव्वा उडवला. अमेरिकेची पाच हेलिकॉप्टरे पडली, तीन सल्लागार मेले. अमेरिकी सेनापती पॉल हार्किन्स मात्र विजय झाल्याचे सांगत राहिले. बातमीदार लढाईच्या जागी स्वतः जाऊन आले होते आणि तिथल्या अमेरिकी अधिकाऱ्यांशी बोलले होते. त्यांनी पराभव हा पराभव म्हणूनच लिहिला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात केनेडींनी 'टाइम्स'चे नवे प्रकाशक आर्थर ऑक्स सल्झबर्गर यांना सुचवून पाहिले, की हॅलबरस्टॅमची बदली करावी. प्रकाशकांनी नकार दिला. एवढेच नव्हे, हॅलबरस्टॅमची ठरलेली सुट्टीही पुढे ढकलली, कारण तो त्या वेळी सायगावबाहेर दिसला असता तर दबाव कामी आला असे सगळ्यांना वाटले असते. दोन वर्षांपूर्वी वाकलेले तेच वर्तमानपत्र आता ताठ उभे राहिले.

पण एका वार्ताहराच्या ताठ कण्याने सगळा व्यवसाय ताठ होत नाही. ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री उशिरा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले आणि टाँकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर पुन्हा हल्ला झाल्याचे सांगून त्यांनी उत्तर व्हिएतनामवर बॉम्बफेक जाहीर केली. दोन दिवसांपूर्वीचा हल्ला खरा होता. हा दुसरा झालाच नव्हता. खवळलेल्या समुद्रात रडारवर उमटलेल्या खुणा आणि सोनारवर ऐकू आलेले आवाज यांवरून तो 'झाला' होता आणि जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी शंका कळवली होती. वृत्तपत्रांनी काय केले? पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, दिलेले वर्णन रंगवून छापले. ७ ऑगस्टला काँग्रेसने जॉन्सन यांना युद्धाचा जवळजवळ कोरा धनादेश दिला. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग हे ते दोघे. तीन दिवसांत राष्ट्राध्यक्ष बोलले, संसदेने मान डोलावली, वृत्तपत्रांनी छापले आणि कुठे ब्रसुद्धा निघाला नाही. एनएसए या अमेरिकी गुप्तवार्ता संस्थेच्या स्वतःच्याच इतिहासकाराचा अभ्यास २००५ मध्ये खुला झाला, तेव्हा ४ ऑगस्टला हल्ला नव्हता हे सरकारी कागदावर आले. तोवर ५८ हजारांहून अधिक अमेरिकी आणि त्याच्या कित्येक पटींनी व्हिएतनामी माणसे जाऊन तीन दशके झाली होती.

१९६४ च्याच निवडणूक प्रचारात जॉन्सन सांगत फिरले, की आशियातल्या तरुणांनी करायचे काम करायला आम्ही आमची मुले नऊ-दहा हजार मैलांवर पाठवणार नाही. मार्च १९६५ मध्ये मरीन सैनिक दा नांगला उतरले, तेव्हा विमानतळाच्या राखणीला चाललेत असे सांगण्यात आले. ६ एप्रिलला व्हाइट हाउसमधून एक गुप्त आदेश निघाला. राखण सोडून आता चढाई करायची, असा त्याचा अर्थ. त्या आदेशाचे शेवटचे कलम मला सगळ्यांत बोलके वाटते: हा बदल वेळेआधी जाहीर होऊ नये म्हणून सर्व शक्य ती खबरदारी घ्यावी अशी राष्ट्राध्यक्षांची इच्छा आहे. ही खबरदारी कोणापासून? दा नांगच्या भोवताली शत्रूला मरीन सैनिक डोळ्यांनी दिसत होते, गोळ्या त्याच्यावर झाडल्या जात होत्या. माहीत नव्हते ते ओहायोतल्या आणि टेक्ससमधल्या आईबापांना. युद्धकाळातल्या बऱ्याच गुप्ततेचे हे खरे रूप आहे.

यापुढची भांडणे सर्वांना ठाऊक आहेत. ऑगस्ट १९६५ मध्ये काम ने या गावात मरीन सैनिक लायटरने झोपड्यांची छपरे पेटवत असल्याचे बातमीदार मॉर्ले सेफर यांनी सीबीएस वाहिनीवर दाखवले आणि वॉशिंग्टनमध्ये आगडोंब उसळला. सायगावमधल्या संध्याकाळी पाचच्या लष्करी पत्रकार परिषदेवर कोणाचा विश्वास उरला नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये व्हिएतनाममधले अमेरिकी सेनापती जनरल वेस्टमोरलंड यांना खास वॉशिंग्टनला बोलावून 'शेवट दिसू लागला आहे' असे त्यांच्या तोंडून वदवून घेतले. जानेवारीअखेर टेटच्या सणात गनिमांनी एकाच वेळी शंभरहून अधिक शहरांवर आणि गावांवर हल्ले चढवले, थेट सायगावच्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात घुसले. २७ फेब्रुवारी १९६८ ला सीबीएसचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी सांगितले की हे युद्ध कोंडीत अडकले आहे. ३१ मार्चला जॉन्सन यांनी निवडणुकीला पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले.

इथूनच ती प्रसिद्ध कथा सुरू होते, की रणांगणावर जिंकलेले युद्ध वार्ताहरांनी दिवाणखान्यात हरवले. आजही निवृत्त सेनानी, टीव्हीवरचे तज्ज्ञ आणि आपल्याकडचे कित्येक जण हीच कथा सांगतात, म्हणून तिच्यापाशी थांबायला हवे. टेटच्या हल्ल्यात गनिमांची लष्करी हानी भयंकर झाली होती आणि सुरुवातीच्या वार्तांकनात ती पुरेशी आली नाही, हे खरे. पण युद्धात पडणे ही चूक होती असे मानणारे अमेरिकी लोक १९६७ च्या ऑक्टोबरातच गॅलपच्या पाहणीत जास्त भरले होते. म्हणजे टेटच्या आधी आणि क्रॉन्काइट यांच्या आधी. अमेरिकी लष्कराच्याच इतिहास विभागातले विल्यम हॅमंड यांनी हा सगळा काळ तपासला आणि त्यांचा निष्कर्ष असा, की लोकांचा पाठिंबा आटला तो बातम्यांमुळे नव्हे, तर वाढत्या मृतांच्या आकड्यामुळे. वार्ताहरांनी लिहिलेले हे सरकारच्या जाहीर निवेदनांपेक्षा अनेकदा अधिक अचूक होते, असेही त्यांनी नोंदवले आहे. हे लष्कराच्या घरचे मत आहे. टेटचा धक्का एवढा बसला, कारण दोनच महिन्यांपूर्वी शेवट दिसू लागल्याचे सांगितले गेले होते. ते सांगणे वार्ताहरांचे नव्हते.

आणि वार्ताहर काही सदानकदा विरोधात नव्हतेच. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय गावात अमेरिकी तुकडीने म्हातारी माणसे, बाया आणि तान्ही मुले मारली. व्हिएतनामच्या मोजणीप्रमाणे ५०४. लष्कराने पत्रक काढले, की शत्रूचे १२८ सैनिक ठार. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर तोच आकडा आला, चकमकीच्या विजयासह. सरकार म्हणाले आणि वर्तमानपत्राने छापले, त्या दिवशी कोणाचे कोणाशी भांडण नव्हते. सत्य बाहेर यायला वीस महिने लागले. ते कोणत्याही मोठ्या संस्थेने आणले नाही. सेमोर हर्ष या स्वतंत्र बातमीदाराने 'लाइफ' आणि 'लुक' या नियतकालिकांनी नाकारलेली बातमी एका छोट्या वृत्तसंस्थेमार्फत विकली आणि १३ नोव्हेंबर १९६९ ला ती तीसेक वर्तमानपत्रांत छापून आली. त्याच संध्याकाळी आयोवातल्या डी मॉइनमध्ये उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी दूरचित्रवाणीच्या बातमीदारांवर हल्ला चढवला: कोणी निवडून न दिलेला हा मूठभर माणसांचा गट राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाची चिरफाड करतो. दहा दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 'मूक बहुसंख्यां'ना साद घातली होती आणि तिच्यावर झालेल्या चर्चेचा हा राग होता. निवडून न आलेला बातमीदार हा राग ॲग्न्यू यांच्यानंतर अनेक राज्यकर्त्यांनी आळवला आहे. पण माय लायचे सत्य त्या दिवशी कोणत्याही निवडून आलेल्या माणसाने सांगितलेले नव्हते.

१९७१ च्या जूनमध्ये डॅनियल एल्सबर्ग यांनी फोडलेले 'पेंटागॉन पेपर्स' छापायला 'टाइम्स'ने सुरुवात केली. व्हिएतनाम धोरणावरचा सात हजार पानांचा हा गुप्त सरकारी अभ्यास १९६७ पर्यंतचा होता, म्हणजे निक्सन यांच्या कारकिर्दीबद्दल त्यात काहीच नव्हते. तरी सरकार न्यायालयात गेले, छपाई थांबवली गेली आणि ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशी ती बंदी उठवली. राष्ट्राच्या सुरक्षेला गंभीर धोका आहे असा युक्तिवाद सरकारतर्फे करणारे वकील होते अर्विन ग्रिस्वोल्ड. १९८९ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले, की त्या कागदांच्या प्रकाशनाने सुरक्षेला धोका झाल्याची खूण मला आजवर कुठे दिसली नाही. उलट, जिथे खूप कागद गुप्त ठरवण्याचा अनुभव असतो तिथे मुख्य काळजी सुरक्षेची नसते, सरकारची लाज निघण्याची असते.

एवढा धडा मिळाल्यावर पुढची पिढी शहाणी व्हायला हवी होती. पण २००२ मध्ये काय झाले ते पाहा. ८ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर छापले, की इराक अणुबॉम्बसाठी ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवण्याच्या खटपटीत आहे. माहिती बुश सरकारच्या अधिकाऱ्यांनी, नावे न देण्याच्या अटीवर, पुरवलेली. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर बसले आणि नळ्यांबद्दल बोलताना त्यांनी दाखला दिला 'न्यूयॉर्क टाइम्स'चा. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस दुसऱ्या वाहिनीवर म्हणाल्या, की ठोस पुराव्याची वाट पाहता पाहता तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात यायला नको. सरकारच्या घरातून निघालेला दावा वर्तमानपत्राचे कपडे घालून सरकारकडेच साक्षीदार म्हणून परतला. बुश यांनी महिन्याभरात सिनसिनाटीच्या भाषणात तोच ढग पुन्हा आणला. त्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी योग्य नाहीत, असे ऊर्जा खात्यातल्या ज्या तज्ज्ञांचा तो विषय होता ते आतल्या आत सांगत होते.

हे कोणालाच कळले नाही असे नव्हते. वॉशिंग्टनमधल्या नाइट रिडर या समूहाच्या कार्यालयात जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल यांनी त्याच महिन्यांत एकामागून एक बातम्या दिल्या, की गुप्तवार्ता खात्यांतले मधल्या फळीचे अधिकारी या पुराव्यांवर नाराज आहेत आणि त्यांच्यावर दबाव आहे. मंत्री आणि सचिव त्यांच्याशी फारसे बोलत नसत, म्हणून ते फायली हाताळणाऱ्या माणसांकडे गेले. तीसेक वर्तमानपत्रांचा हा समूह, पण वॉशिंग्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये त्यांचे पत्र नव्हते, म्हणून राजधानीत त्यांना कोणी वाचले नाही. समूहातल्या काही वर्तमानपत्रांनीसुद्धा त्यांच्या काही बातम्या घेतल्या नाहीत. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये वॉल्टर पिंकस यांची शंका घेणारी बातमी युद्ध सुरू होण्याच्या चार दिवस आधी आली, ती सतराव्या पानावर. मे २००४ मध्ये 'टाइम्स'ने आणि ऑगस्टमध्ये 'पोस्ट'ने आपले वार्तांकन कमी पडल्याचे मान्य केले. इराकमध्ये अण्वस्त्रे, रासायनिक किंवा जैविक अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. राष्ट्राध्यक्षांचे दावे तोलून पाहायचे काम बहुतेकांनी त्या हिवाळ्यात केलेच नाही. मला राग येतो तो इथे, बुश यांच्या भाषणापेक्षाही जास्त. राज्यकर्ता युद्धाची बाजू मांडणार हे गृहीतच असते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि मुंबईकरांना तो अमेरिकनांपेक्षा चांगला कळेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे जवान सगळ्या जगाने पाहिले. पाकिस्तानात बसून फोनवर सूचना देणारे सूत्रधारही तेच पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ऑगस्टमध्ये कसाबच्या खटल्याचा निकाल देताना वाहिन्यांना कठोर शब्दांत फटकारले आणि ते योग्यच होते. अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण आता नियमानेच बंद आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९३१ मध्येच म्हटले होते, की सैन्य घेऊन निघणाऱ्या जहाजांच्या तारखा किंवा तुकड्यांची ठिकाणे छापण्यापासून सरकार रोखू शकते, याबद्दल वाद नाही. माझाही नाही. जवान गच्चीवर असताना कॅमेरा बंद असावा. पण या मर्यादेला मुदत असते आणि विषय असतो. उद्या काय होणार हे झाकणे एक आणि काल काय झाले, का झाले, त्याचा पुरावा काय होता हे झाकणे वेगळे. टाँकिन, माय लाय, आप बाक, ॲल्युमिनियमच्या नळ्या यांपैकी एकाही ठिकाणी शत्रूच्या हाती लागेल असे काही नव्हते. राज्यकर्ते मात्र दोन्ही गोष्टींना एकाच शब्दाने झाकतात, आणि जो वार्ताहर कालचे विचारतो त्याला उद्याचे फोडल्याच्या आरोपात अडकवतात.

जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांनी ती पूर्णपणे नष्ट झाल्याचे त्याच रात्री जाहीर केले. पेंटागॉनच्याच गुप्तवार्ता विभागाचा प्राथमिक अंदाज मात्र कार्यक्रम काही महिनेच मागे गेल्याचा होता आणि सीएनएन व 'टाइम्स'ने तो छापला. संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी पत्रकार परिषद घेऊन वार्ताहरांवर तोंडसुख घेतले, ट्रम्प यांच्या वकिलांनी खटल्याची धमकी दिली. प्राथमिक अंदाज चुकीचाही ठरू शकतो. पण प्रश्न विचारला गेला आणि त्याला आकड्यांनी उत्तर द्यावे लागण्याची वेळ सरकारवर आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेंटागॉनने वार्ताहरांसाठी नवे नियम आणले, परवानगीविना माहिती मिळवायला जाणाऱ्यावर गंडांतर येईल असे. बहुतेक सगळ्या मोठ्या संस्थांनी सही नाकारली आणि बातमीदारांनी ओळखपत्रे परत करून इमारत सोडली. मला त्या रिकाम्या टेबलांपेक्षा त्यांवर नंतर येऊन बसणाऱ्यांची जास्त काळजी वाटते. इमारतीबाहेरचा बातमीदार मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याला गाठू शकतो. लँडे आणि स्ट्रोबेल यांनी तेच केले होते.

रशियात २०२२ च्या मार्चपासून सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवण्याला पंधरा वर्षांपर्यंतची कैद आहे आणि युद्धाला युद्ध म्हटलेलेही चालत नाही. तिथले स्वतंत्र बातमीदार देश सोडून गेले किंवा गप्प झाले. पुतिन यांना आता देशातल्या कोणाशी भांडावे लागत नाही.

आपल्याकडे अशा कायद्याची गरजही पडली नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या रात्री कित्येक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे ओरडून सांगितले. सरकारच्या अधिकृत पत्रकार परिषदांत असा दावा कधीच नव्हता. म्हणजे कोणी दामटले नाही, कोणी सांगितले नाही, वाहिन्या सरकारच्याही पुढे धावल्या. ११ मेला, शस्त्रसंधीनंतर, विमानांच्या हानीबद्दल प्रश्न आला तेव्हा नुकसान हा लढाईचा भागच असतो, एवढे उत्तर मिळाले. आपली विमाने पडल्याची कबुली संरक्षणदल प्रमुखांनी ३१ मेला दिली, ती सिंगापूरमध्ये, एका परदेशी वृत्तसंस्थेला. लढाई चालू असताना हे न सांगण्याचे कारण समजू शकते. ती थांबल्यावर पुढचे तीन आठवडे रोज रात्री नऊ वाजता तोच एक प्रश्न विचारला जायला हवा होता. विमाने चालवणारे आपले होते आणि चुकातून शिकायचे असेल तर हिशेब आधी इथल्या लोकांपुढे यायला हवा होता. मराठी वाहिन्यांतल्या ज्येष्ठ बातमीदारांपैकी अनेकांना सीमेवरचा आणि मंत्रालयातला अनुभव आहे. पुढच्या वेळी स्टुडिओत सायरन वाजवण्याऐवजी त्यांना नाशिकच्या आणि पुण्याच्या निवृत्त अधिकाऱ्यांकडे, फायली हाताळलेल्या माणसांकडे पाठवा. मिळालेली शंका सतराव्या पानावर टाकू नका आणि त्याबद्दल दिल्लीतून फोन आला तर तो आल्याचेही छापा.